कुट्टूच्या फुलांमागे: वाई ते महाबळेश्वर

वाईतून पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत आपण जवळजवळ साडेपाचशे मीटर वर येतो. हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो, हे धरलं तर या एका घाटात तीन-चार अंशांचा फरक पडतो. कुट्टूच्या पिकाला तेवढा पुरतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी या रस्त्यावर निघालो तो हेच बघायला.

कुट्टू म्हणजे बकव्हीट. उत्तरेत नवरात्रात त्याच्या पुऱ्या होतात, आपल्याकडे उपवासाला भगर आणि राजगिरा. नावात व्हीट असलं तरी गव्हाशी त्याचं नातं नाही, ते आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं आहे. लालसर पोकळ दांडा, पांढऱ्या फुलांचे झुबके आणि तीन धारांचा तपकिरी दाणा. हिमालयाच्या उतारांवर ते पिढ्यानपिढ्या पिकतं. म्हणून 'आपल्या उष्ण हवेत कुठलं येतंय' असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही.

वाईजवळच्या एका मळ्यात सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला पेरा होता. रान लांबून देखणं दिसत होतं. मळेवाल्या मामांनी एक झुबका चोळून तळहातावर धरला. "फुलं लई आली बघा, पन दाणं भरलंच न्हाईत." पेरल्यापासून महिनाभरात कुट्टू फुलावर येतो, म्हणजे ही फुलं नेमकी ऑक्टोबरच्या उन्हात सापडली. फुलोऱ्यात पारा तिशीच्या वर गेला की दाणा धरत नाही, फुलं वाळून गळतात. झाड जोमात वाढलं म्हणून पीक येईल असं नाही.

पाचगणीच्या वर, एका उताराच्या तांबड्या रानात, त्याच सुमाराचा पेरा दाण्यांनी वाकला होता. तिथे मी बराच वेळ थांबलो. सकाळची वेळ होती आणि सातेरी मधमाश्यांचा नुसता गुंजारव चालला होता. कुट्टूच्या काही झाडांच्या फुलांत स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड असतात, काहींच्यात नेमकं उलटं. एका प्रकारच्या फुलाला दुसऱ्या प्रकारचाच पराग लागतो, आणि तो आणायला माशी हवी. मध सुटतो तोही मुख्यतः सकाळी. मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव याच महाबळेश्वर तालुक्यातलं, २०२२ सालचं. पेट्या आहेत, त्या सांभाळणारी माणसं आहेत. या पिकाला याहून चांगला शेजार कुठला मिळणार?

मग आणखी वर जावं का? महाबळेश्वरला दोन अडचणी आहेत. जुलै-ऑगस्टच्या पावसात पेरलं तर मुळं कुजतात, कारण कुट्टूला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, त्या गारठ्यात कोवळं झाड जळून जातं. या दोन्हींच्या मधल्या फटीतच पीक बसवावं लागतं. सत्तर ते नव्वद दिवसांत ते निघतं, म्हणून बसतं. पाऊस ओसरला की वाफशावर पेरायचं आणि डिसेंबरच्या तोंडाला कापायचं. सगळे दाणे एकदम पिकत नाहीत. वर फुलं असतानाच खालचे काळपट होतात, तेव्हा पाऊण भाग पिकला की पहाटेच्या दवात कापणी करावी, म्हणजे दाणे झडत नाहीत.

मळेवाल्या मामांना परतताना मी एवढंच सुचवलं, की खाली पेरा दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या मध्यावर न्यावा. मग फुलं नोव्हेंबरच्या थंडीत येतील. युरिया टाकू नये, पोकळ दांडा लोळतो. आणि हिरवा पाला गुरांना फार घालू नये, पांढऱ्या कातडीच्या जनावरांना तो उन्हात बाधतो.

नाचणी-वरीची उताराची रानं पडीक पडत चालली आहेत, ते बघून जीव तुटतो. त्या रानांना हलक्या जमिनीतलं, कमी दिवसांचं पीक हवं आहे. पुढच्या हंगामात मामा अर्धा गुंठा ऑक्टोबरच्या पेऱ्यासाठी राखणार आहेत, शेजारच्या मधपेट्याही तिकडे सरकवून.