लाइफटाइम ऑईल म्हणजे कोणाचं लाइफटाइम?

इंदूरला आलो की दोन प्रश्न ठरलेले असतात, तिकडे थंडी किती पडते आणि तिकडे गाडी कोणती आहे. पहिल्याचं उत्तर मी हौसेने देतो, उणे वीसचे फोटो मोबाईलमध्ये तयारच असतात. दुसरा प्रश्न मात्र ह्या डिसेंबरात जरा टाळतच होतो, कारण २०१९ मध्ये गाडी घेतली तेव्हा सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवलेले, सात सीटची एसयूव्ही, पांढरी, पुढे नारळ फोडतानाचा पण, आणि तीच गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत टोचन लावून न्यावी लागली हे घरी कोणाला सांगितलंच नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं की त्याच कंपनीची गाडी घेतलेला मावसभाऊ रुसतो.

मी राहतो मिशिगनमध्ये, नोव्हायला, म्हणजे डेट्रॉइटच्या अर्ध्या तासावर. आमच्या लहानपणी इंदूरजवळच्या पीथमपूरला 'भारताचं डेट्रॉइट' म्हणायचे, बाबा स्कूटरवरून तिकडे नेऊन कारखाने दाखवायचे, तर मी खऱ्या डेट्रॉइटला जाऊन राहिलो आणि तिथे माझ्याच गाडीने हात टेकले.

तसं आधीपासून काही ना काही चालूच होतं. सगळ्या गाडीची वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, जे आधी होईल ते. ३७ हजारांवर पुढच्या चाकाचं बेअरिंग घरघरायला लागलं, खिशातून दिले. मग एसीचा कॉम्प्रेसर. ते एक वेळ सोडून देऊ, पण ५२ हजारांच्या आसपास वेगळीच गंमत सुरू झाली, सिग्नलवरून निघालं की तीस-पस्तीस मैलांच्या स्पीडला गाडी हलकी थरथरायची, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी, रस्ता मात्र गुळगुळीत. डीलरकडे नेली, त्यांनी एक चक्कर मारली, कॉम्प्युटर लावला, म्हणाले बिघाडाचा कोड काही येत नाही, ह्या गिअरबॉक्सचं असंच असतं. एक सॉफ्टवेअर अपडेट मारून परत दिली. मी विचारलं गिअरबॉक्सचं ऑईल बदलायचं का, तर तो काउंटरवरचा मुलगा हसून म्हणाला, लाइफटाइम आहे, बदलायची गरजच नाही. मलाही बरं वाटलं, चला एक खर्च वाचला.

मग तो फेब्रुवारी. संध्याकाळी साडेसहा, बारीक बर्फ, मुलीला क्लासहून घेऊन आय-९६ वर चढलो आणि अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय, आरपीएम चार हजार आणि स्पीड पंचवीस मैल, मागून ट्रक सत्तरने येताहेत, लाइट मारताहेत, मुलगी मागून विचारतेय बाबा आपण हळू का चाललोय. कशीबशी कडेला घेतली, हजार्ड लावले आणि पाऊण तास टोचनवाल्याची वाट बघत बसलो. त्या पाऊण तासात एकच गोष्ट डोळ्यांसमोर होती, मीटरवरचा आकडा, ६१,३१२. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. वर्षं साडेचारच झाली होती, पण मैल तेराशेने जास्त. किलोमीटरमध्ये धरलं तर लाखभरही पुरते झाले नव्हते, इंदूर-भोपाळ टॅक्सीवाले तीन लाख झालेली गाडी पानाचा तोबरा भरून पळवतात.

दुसऱ्या दिवशी डीलरचा फोन आला, गिअरबॉक्स गेला, ऑईलमध्ये लोखंडाचा चुरा आहे, नवीन बसवायचा, ५,८०० डॉलर. म्हणजे पाच लाखांच्या आसपास. मी म्हटलं खोलून बघा ना, जो पार्ट गेला तो बदला. तो म्हणाला, आम्ही खोलत नाही, अख्खा बदलतो. ह्या वाक्यावर मी खरंच दोन मिनिटं गप्प झालो.

तर हे सगळं शेवटी मी इंदूरला, लोकमान्य नगरात, समोरच्या काकांना सांगितलं. सकाळची वेळ, पोह्यांवर शेव आणि जिरावण, बाजूला जलेबी. काका पीथमपूरच्या कायनेटिक होंडा स्कूटरच्या कारखान्यात असेंब्लीवर होते, रिटायर होऊनही जमाना झाला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गिअर कसे पडतात हिचे?" म्हटलं, गिअर नाहीतच काका, सीव्हीटी आहे, दोन पुल्या असतात आणि मध्ये पट्टा, पुलीचे दोन भाग जवळ-लांब होतात तसा पट्टा वर-खाली सरकतो. काकांनी चमचा खाली ठेवला. "अरे मतलब, तू तीस-पस्तीस हजार डॉलरची स्कूटर चालवून राहिला!"

आणि खरंच आहे ते. ९८ सीसीच्या त्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये हेच होतं, व्हेरिएटर म्हणजे जवळ-लांब होणारी पुली आणि रबरी पट्टा. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्येच छोट्या कारमध्ये रबरी पट्ट्याची ही पद्धत आणली होती. आताच्या गाड्यांत पट्टा स्टीलचा, शेकडो बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटून बसवलेल्या, आणि सगळं ऑईलमध्ये बुडालेलं. काकांचं म्हणणं, पट्टा पुलीला धरून ठेवतो तो नुसत्या दाबावर आणि त्या ऑईलच्या गुणावर, ऑईल तापून तापून मेलं की पट्टा घसरतो, घसरला की पुलीवर ओरखडे, ओरखड्यांचा चुरा परत ऑईलमध्ये, आणि मग तो चुरा सगळीकडे फिरतो. "ती थरथर होती ना, ती पट्टा घसरायची सुरुवात. तेव्हाच ऑईल बदलायला हवं होतं. दोनशे डॉलरचं काम असेल."

मी म्हटलं पण कंपनीच म्हणते लाइफटाइम. काका म्हणाले, "कोणाचं लाइफ, ते विचारलंस का? वॉरंटीचं लाइफ!"

मला तर वाटतं सगळी गोम इथेच आहे. गाडी बिघडते ह्याचा राग नाही, मशीन आहे, झिजणारच. राग ह्याचा की झिजणारी वस्तू न झिजणारी म्हणून विकली, आणि विचारलं तेव्हा हसले. त्यात आम्हीही काही साधुसंत नाही, आई-बाबा आले होते तेव्हा सातही सीट भरून, वर डिकीत कुकरपासून सगळं घेऊन स्मोकी माउंटन्सचा घाट चढलो होतो ऑगस्टमध्ये, आणि हिवाळ्यात दोन मैलांवर दूध आणायला तीच गाडी, तापायच्या आत बंद. पीथमपूरला आता नॅट्रॅक्स ह्या गाड्या टेस्ट करणाऱ्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला, त्याचं काकांना फार कौतुक. पण ते म्हणाले ट्रॅकवर सगळं टेस्ट करतील, उणे पंधरात दूध आणायचं कोण टेस्ट करणार.

पैशांचं काय झालं तेही सांगतो, तिकडे असलेल्यांना कामी येईल. आधी मी लेमन लॉ, लेमन लॉ करत नाचलो, म्हणजे सारखी बिघडणारी गाडी कंपनीला बदलून द्यायला किंवा परत घ्यायला लावणारा कायदा. अमेरिकेत १९८२ मध्ये कनेक्टिकटने पहिला केला, आता सगळ्या राज्यांत आहे, पण तो मुख्यतः नव्या गाडीच्या पहिल्या एक-दोन वर्षांसाठी, माझ्या साडेचार वर्षांच्या म्हातारीला काही उपयोग नाही. मग सरकारी साइटवर १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, टाकून रिकॉल बघितला, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या फुकट दुरुस्तीला परत बोलावल्यात का ते, नव्हता, कारण रिकॉल सेफ्टीच्या दोषासाठी असतो. (हायवेवर पंचवीसच्या स्पीडला अडकणं ही सेफ्टी नाही तर काय, पण असो.) शेवटी वाचवलं ते एका कागदाने. ५२ हजारांच्या वेळच्या बिलावर त्या काउंटरवरच्या मुलाने 'ग्राहकाची तक्रार : वेग घेताना थरथर' असं टाइप केलं होतं. तो कागद मी ग्लव्ह बॉक्समध्ये पार्किंगच्या पावत्यांखाली कोंबलेला. तक्रार वॉरंटीत असताना केली होती हे सिद्ध झालं, मग कंपनीच्या कस्टमर केअरला अकरा फोन, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा, आणि तीन आठवड्यांनी त्यांनी 'सद्भावना म्हणून' निम्मा खर्च उचलला. सद्भावना शब्द त्यांचा हां, माझ्या मनात दुसरे शब्द होते. तीन आठवडे भाड्याच्या छोट्या गाडीत गेले आणि मुलीला तीच जास्त आवडली.

काकांची स्वतःची कायनेटिक अजून जिन्याखाली चादर टाकून उभी आहे. मला दाखवायला चादर काढली, बटण दाबलं, ढिम्म. बॅटरी मेलेली. मग किक, चौथ्या-पाचव्या किकला धूर सोडत सुरू झाली, काकू आतून ओरडल्या की पडदे आत्ताच धुतलेत. मी विचारलं हिचा पट्टा कधी गेला नाही? "गेला की! चारदा गेला. साइडचं कव्हर खोलायचं, नवा टाकायचा, काहीशे रुपयांत काम."

परत आल्यावर त्याच डीलरकडे गेलो आणि म्हटलं गिअरबॉक्सचं ऑईल बदला. मुलगा नवीन होता, तोही हसला, नवाच तर आहे, लाइफटाइम आहे. मी म्हटलं असू दे, दर ३० हजार मैलांना बदलायचं असं माझ्या फाइलमध्ये लिहून ठेव. त्याने लिहिलं. त्या स्क्रीनचा फोटो काढून काकांना पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं, "ठीक. आता बेअरिंग दुसऱ्या बाजूचं पण बघून घे."