तुम्ही विचारलंत म्हणून: रास्पबेरी पाय सोडून दुसरं बोर्ड घेऊ का?

"रास्पबेरी पायपेक्षा स्वस्त बोर्ड मिळतंय, रॅमही जास्त आहे. त्यावर लिनक्स चालेल ना?" हे मला इतके जण विचारतात की एकदा सविस्तर लिहितो. (रास्पबेरी पाय म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणारा संगणक.) चालेल. पण रॅम आणि गिगाहर्ट्झचे आकडे नंतर बघा. त्या बोर्डासाठी कर्नेल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा, कोण सांभाळतंय, हे आधी बघा.

पीसीला उबुंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) पेन ड्राइव्ह लावला की काम होतं, कारण आत काय काय हार्डवेअर आहे हे पीसी स्वतःच सांगतो. या छोट्या, मोबाइलसारख्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर सहसा ती सोय नसते. कोणती चिप कुठे जोडली आहे, तिला किती व्होल्ट लागतात, हे सगळं ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलमध्ये लिहून कर्नेलला द्यावं लागतं, आणि ही फाइल दर बोर्डाची वेगळी. बूट होण्याची रीतही वेगळी. ऑलविनर कंपनीची चिप मेमरी कार्डावर सुरुवातीचे ८ किलोबाइट सोडून बूटलोडर (कर्नेल सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) शोधते, रॉकचिप कंपनीची ३२ किलोबाइट सोडून. म्हणून रास्पबेरी पायची इमेज (कार्डावर लिहायची तयार सिस्टीमची फाइल) ऑरेंज पाय या दुसऱ्या बोर्डावर चालत नाही. इमेज कार्डावर नुसती कॉपी करूनही भागत नाही, बलेना एचरसारख्या प्रोग्रॅमने ती लिहावी लागते.

ऑरेंज पाय झीरो ३ चंच बघा. ऑलविनर एच६१८, चार कोअर, १ ते ४ जीबी रॅम, गिगाबिट लॅन. त्याची डिव्हाइस ट्री मूळ लिनक्स कर्नेलमध्ये आहे, पण वायफाय चिपचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्रॅम) तिथे नाही, तो बाहेरून जोडावा लागतो. लॅनच्या वायरीवर घरचा सर्व्हर चालवायचा असेल तर मी हे बोर्ड बिनधास्त घ्या म्हणेन. सगळी भिस्त वायफायवर असेल तर नाही.

इमेज मी आर्मबियनची घेतो. डेबियन आणि उबुंटूवर आधारलेला हा प्रकल्प स्लोव्हेनियाच्या इगोर पेचोव्हनिक यांनी सुरू केला. बोर्डाकडे कोणी नेमाने लक्ष देतंय की ते फक्त हौशी मंडळींच्या भरवशावर आहे, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचूनच खरेदी करा. पहिल्यांदा लॉगिन करताना नाव रूट (root) आणि पासवर्ड १२३४. लगेच नवा पासवर्ड मागतो. वीज ५ व्होल्ट, ३ अँपिअरची द्या. बारीक, लांब केबलवर व्होल्टेज पडतं आणि काम वाढलं की बोर्ड रीस्टार्ट होतं.

बोर्डासोबत यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्याच. बोर्डाच्या सिरियल पिनांवर येणारा मजकूर तो तुमच्या संगणकावर दाखवतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. ३.३ व्होल्टचा घ्या. ग्राउंडला ग्राउंड, बोर्डाचा टीएक्स (पाठवणारी पिन) अडॅप्टरच्या आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला. चौथी, विजेची वायर जोडू नका. सिरियलचा वेग (बॉड रेट) ऑलविनरला ११५२००, रॉकचिपला बहुधा १५०००००, आणि हा दुसरा वेग काही जुन्या अडॅप्टरना झेपत नाही. स्क्रीन काळी असली तरी इथे सगळं वाचता येतं. एकही ओळ आली नाही, तर आधी वीज आणि कार्ड तपासा. यू-बूट या बूटलोडरच्या ओळी येऊन ‘स्टार्टिंग कर्नेल’वर अडलं, तर कार्ड बदलण्यात वेळ घालवू नका, बहुधा गडबड कर्नेल किंवा डिव्हाइस ट्रीमध्ये असते.

ऑलविनरचा एच३ हा प्रोसेसर आला तेव्हा त्याच्यासोबत कंपनीचं ३.४ कर्नेल होतं, तेव्हाच जुनं झालेलं. तिथेच थांबलं असतं तर ती बोर्डं केव्हाच अडगळीत गेली असती. लिनक्स-सुन्क्सी या गटातल्या लोकांनी, बरेचसे आपल्या फावल्या वेळात, एकेक ड्रायव्हर लिहून मूळ कर्नेलमध्ये नेला. म्हणून २०१५ सालचं ऑरेंज पाय पीसी आजही नव्या कर्नेलवर चालतं. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि ज्या बोर्डामागे अशी माणसं आहेत तेच घ्या हा माझा आग्रह त्यातूनच आलेला आहे.

एवढं करूनही अडलं तर जरूर विचारा. फक्त ‘चालू होत नाही’ एवढंच न लिहिता बोर्डाचं पूर्ण नाव, इमेजची आवृत्ती आणि सिरियलवर आलेला मजकूर पहिल्या ओळीपासून पाठवा.