दृश्यम, फँड्री आणि आमचा तरुण संघ

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या तरुण संघाची मीटिंग संपत आली होती, शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहणार तेवढ्यात दहावीतलं एक पोट्टं म्हणते, "काका, दृश्यममंधी अजय देवगण खोटं बोलते थे पाप व्हय का?" सगळे हसले, पण उत्तर कोणाजवळच नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. तो सिनेमा आमच्या दारव्हा तालुक्यात कोणत्याही घरात विचारा, तीनचार वेळा पाहून झालेला असतो, माझ्या घरात तर पोरीला डायलॉग पाठ आहेत. मी प्रार्थना केली आणि घरी आलो. या आठवड्यात वावरातली लाईन रात्रीची होती म्हणून बारा वाजता मोटर चालू करायला गेलो, तुरीच्या धुऱ्यावर बसलो, तरी डोक्यात तेच.

आम्ही लहान होतो तेव्हा मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सिनेमा पाहणं म्हणजे बिडी ओढण्याच्या बरोबरीचं होतं. टॉकीजमध्ये कोणी दिसलं की रविवारच्या आत पाळकसाहेबांपर्यंत बातमी पोचायची. नंतर घरोघरी टीव्ही आला, मग मोबाईल आला, आता कोणी कोणाला अडवूच शकत नाही, तेव्हा मोठ्या माणसांनी एक सोपा हिशोब काढला की सिनेमात शिव्या किती, दारू किती, नागडंउघडं किती, आणि आईबापासोबत बसून पाहता येतो का. पाहता आला तर चांगला, नाही तर सैतानाचा. मी स्वतः दहा वर्षं पोरांना हाच हिशोब शिकवला, मनापासून शिकवला. दृश्यम या हिशोबात पैकीच्या पैकी मार्कांनी पास होतो. नवरा, बायको, दोन पोरी, साधं घर, आयटम साँग नाही, हिरो दारू पीत नाही, बायकोवर हात उचलत नाही.

पण त्या सिनेमात आहे काय ते एकदा शांतपणे पाहा. गोव्यातला केबलवाला विजय साळगावकर, चौथी नापास, दिवसरात्र ऑफिसात बसून सिनेमे पाहतो. मोठ्या पोरीचा चोरून व्हिडिओ काढून एक पोरगा तिला धमकावतो, झटापटीत त्याच्या डोक्यात मार बसतो आणि तो मरतो. पुढं हा बाप जे काही करतो, तारीख सरकवणं, बसची तिकिटं, हॉटेलातली बिलं, लोकांच्या डोक्यात २ ऑक्टोबर पक्का बसवणं, ते सगळं तो सिनेमातूनच शिकलाय. सिनेमा म्हणजे नुसता टाइमपास, त्यानं माणूस थोडीच बदलतो, असं जे लोक मला सांगतात त्यांना मी आता हेच सांगतो की बाबा, तुमच्या आवडत्या सिनेमाचंच म्हणणं उलटं आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. हिंदीतला दृश्यम २०१५ चा, निशिकांत कामतांनी केलेला, पण मूळ सिनेमा मल्याळममधला, २०१३ चा. त्या मूळ सिनेमात हे घर ख्रिस्ती आहे. मोहनलालचं नाव जॉर्जकुट्टी. हिंदीत ते लोक पणजीला सत्संगाला गेलो होतो म्हणून सांगतात ना, मूळमध्ये ते ध्यानाला, म्हणजे चर्चच्या रिट्रीटला गेलो होतो म्हणून सांगतात. खोट्याला खुंटी कशाची, तर देवाच्या वचनाला बसलो होतो याची. हे कळलं त्या दिवशी मला कसंतरीच झालं, कारण आपल्यातही "मी तर तेव्हा प्रार्थनेला होतो" हे वाक्य कशाकशावर पांघरूण घालायला वापरतात ते मी पाहिलंय.

पुढच्या रविवारी मी पोरांसमोर हे मांडलं. एका पोरीनं लगेच बायबल उघडलं, निर्गम पहिला अध्याय. मिसरच्या राजानं, फारोनं, हुकूम दिला होता की इब्री म्हणजे इस्राएली बायांना पोरगा झाला की मारून टाका, आणि शिफ्रा न् पुवा या सुइणींनी पोरं जिवंत ठेवली, वरून फारोला सांगितलं की इब्री बाया दणकट असतात, आम्ही पोचायच्या आधीच बाळंत होतात. आणि देवानं त्या सुइणींचं भलंच केलं. "मंग काका?" म्हणे. मला फार आनंद झाला, कारण पोरगी शास्त्र घेऊन सिनेमाशी भांडत होती, आणि मला तेच पाहिजे होतं. हेरांना लपवून खोटं बोललेल्या राहाबचं उदाहरणही निघालं. तासभर चाललं.

मी त्यांना जे सांगितलं ते इथंही लिहितो. काही वर्षांपूर्वी अडाण नदीला पूर आला होता, आमच्या बाजूच्या गावातला एक पोरगा वाहून गेला, विशीतला असेल. तीन दिवस सापडला नाही. त्याची माय नदीच्या काठावर बसून होती, जेवण नाही, पाणी नाही, कोणी उठवायला गेलं तर एकच म्हणायची, "मले त्याचं तोंड पाहू द्या." चौथ्या दिवशी खाली बाभळीत अडकलेला सापडला, आणि ती बाई रडली, मग पहिल्यांदा पाणी प्याली. मी तिथं होतो. त्यानंतर दृश्यम पुन्हा लागला तेव्हा मला विजय साळगावकर दिसलाच नाही, मला तब्बू दिसली. ती पोलिसवाली आहे, मारझोड करते, तिचा पोरगा नालायक होता, सगळं खरं. पण ती माय आहे आणि तिला पोराचं तोंड पाहायला मिळालं नाही, आणि आपण टाळ्या वाजवतो तो शेवटचा सीन म्हणजे ते पोरगं नव्या पोलिस स्टेशनच्या खाली पुरलेलं आहे आणि ते कोणालाच कधी सापडणार नाही, हा. सुइणींनी खोटं बोलून दुसऱ्याच्या मायचं लेकरू वाचवलं. इथं खोटं बोलून दुसऱ्याच्या मायपासून लेकरू लपवलंय. पोरीची अब्रू वाचवायची हे मला कळते, मला पोरगी आहे, तिच्यावर असा प्रसंग आला तर मी काय करीन ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सिनेमा आपल्याला त्या मायकडे फार वेळ पाहू देत नाही, पाहू दिलं तर टाळी वाजणार नाही.

एक मात्र मान्य करतो, त्या सिनेमाला स्वतःलाही ते जड गेलंय. शेवटी मेलेल्या पोराचे आईबाप भेटायला येतात तेव्हा विजय आडवळणानं का होईना माफी मागतो. आणि २०२२ च्या दुसऱ्या भागात ते घर वर्षानुवर्षं भीतीतच जगतंय, पोरगी दचकून उठते. लपवलेलं पाप हाडं झिजवते असं दावीद ३२ व्या स्तोत्रात म्हणतो ते अगदी हेच, म्हणून पोरांना मी दोन्ही भाग पाहा म्हटलं.

पुष्पा या तेलुगू सिनेमाबद्दल थोडक्यात. आमची सगळी पोट्टी त्यातल्या पुष्पासारखा हनुवटीखालून हात फिरवतात, त्यातली दोन तर कॉयरमध्ये आहेत. हिंदीत त्याला आवाज आपल्या श्रेयस तळपदेनं दिलाय म्हणून तो आणखीच जवळचा वाटतो. त्या पोराला बापाचं नाव मिळालं नाही, सावत्र भावांनी चारचौघात त्याच्या मायचा अपमान केला, ही जखम खरी आहे, गावात असे लोक मी पाहिलेत. पण त्याच्यावर उपाय काय, तर चंदन चोरा, वर चढा, आणि कोणापुढं वाकू नका. आमचा प्रभू तर रात्री जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि ज्यानं धरून दिलं त्याचेही पाय धुतले. दोन्ही एकाच वेळी छातीवर गोंदवता येत नाही, पोरांनो.

आता फँड्री.

हा सिनेमा आमच्या जुन्या हिशोबात सपशेल नापास. शिव्या भरपूर, पोरगा शाळेतल्या पोरीमागं फिरतो, काळी चिमणी मारून तिची राख टाकली की पोरगी वश होते असल्या अंधश्रद्धेत असतो. मंडळीतले आमचे एक वडील आहेत, सगळे त्यांना आबाजी म्हणतात, ऐंशीच्या घरात आहेत, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असलं काही पाळकसाहेबांच्या ओसरीत लावायचं नाही. मी त्यांच्या घरी गेलो, म्हटलं आबाजी, तुम्ही बसा सोबत, जिथं वाईट वाटलं तिथं बंद करा म्हणा, मी त्याच क्षणी बंद करतो. बायकोच्या भावाचा मोठा टीव्ही मेटॅडोरमध्ये घालून आणला, ओसरीत सतरंज्या टाकल्या, वीसबावीस जण होते.

नागराज मंजुळेंचा हा सिनेमा २०१४ मध्ये टॉकीजला लागला होता. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्याचं घर गावातली डुकरं पकडायचं काम करते, करावंच लागते, आणि ज्या दिवशी त्याला सगळ्या गावासमोर, शाळेतल्या पोरापोरींसमोर डुकरामागं पळावं लागते तो भाग सुरू झाला तेव्हा ओसरीत कोणी हललं नाही. बाजूच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर सोडून ते सगळं घर तिथंच ताठ उभं राहते. मग डुक्कर खांद्यावर टांगून नेतात, मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. आणि शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो दगड सरळ आपल्याकडं, पडद्याकडं येतो आणि सिनेमा संपतो.

मला लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा पोरगा आठवला. पैसा उडवून झाल्यावर तोही डुकरंच राखायला गेला होता, आणि यहुदी माणसाला त्याच्यापेक्षा खालचं काम नव्हतं. त्या वासासकट बाप पळत गेला आणि गळ्यात पडला. आपण हा दाखला संडे स्कूलपासून ऐकतो. जब्यानं तर काही उडवलंही नव्हतं, तो जन्मलाच त्या कामात, आणि त्याच्याकडं पळत जाणारा त्या गावात एकही नाही. मोबाईलवर फोटो काढणारे आहेत, हसणारे आहेत. प्रभूनं एकदा दगड घेतलेल्या लोकांना विचारलं होतं की तुमच्यात निष्पाप कोण आहे त्यानं पहिला मारावा, आणि ते दगड खाली टाकून गेले. इथं ज्याला आयुष्यभर दगड बसले त्याच्याच हातात दगड आहे. त्याला दुसरा गाल पुढं कर म्हणून सांगायची माझी छाती झाली नाही. पोरांपैकी एकानं तो प्रश्न काढला, मी म्हटलं तो उपदेश आधी मारणाऱ्यांच्या बाजूनं बसलेल्यांनी स्वतःला करावा, आणि तो दगड कॅमेऱ्याकडं आला म्हणजे आपल्याकडं आला, तेव्हा आपण कोणत्या बाजूला बसलोय ते आधी पाहा.

आबाजींनी बंद करा म्हटलं नाही. संपल्यावर बराच वेळ काठीवर हनुवटी टेकवून बसले. मग म्हणाले, "माह्या बापाले बी गावात असेच आवाज देत. नाव घेऊन कोनी हाक मारली नाई त्याले. नाव मिशनच्या रजिस्टरात पयल्यांदा लिवलं." एवढंच बोलले. आमच्या पोरांना हे माहीतच नव्हतं. चर्चच्या भिंतीवर चुना कोणी लावला ते माहीत आहे, पण ती भिंत आपल्या आजोबा-पणजोबांसाठी काय होती हे त्यांना शिव्यांनी भरलेल्या एका सिनेमामुळं कळलं.

पोरांनी नंतर विचारलं, काका, मग सिनेमात आपले लोक कुठं दिसतात. खरंच कुठं दिसतात? १९७७ चा अमर अकबर अँथनी सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, पण त्यातला अँथनी दारूचा अड्डा चालवतो आणि अर्धी कमाई देवाला देतो. त्याच्यानंतर कितीतरी सिनेमांत ख्रिस्ती म्हटलं की गिटार, फ्रॉक, बाटली आणि मोडकं हिंदी. ज्वारीची भाकर खाणारी, लुगडं नेसणारी, कापूस वेचून हाताला काटे लागलेली आणि रविवारी ढोलकीवर नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणणारी ख्रिस्ती बाई मी आजवर पडद्यावर पाहिली नाही. कोणीतरी करावा असा सिनेमा, आमच्यातल्याच एखाद्या पोरानं करावा.

आणि जे सिनेमे प्रभूवरच आहेत ते सगळे आपोआप चांगले, असंही मी आता म्हणत नाही. लहानपणी आमच्या गावात पांढऱ्या चादरीवर दयासागर दाखवला होता, मूळ तेलुगू, १९७८ चा, हिंदीत डब केलेला. जनरेटरचा आवाज इतका की अर्धे डायलॉग ऐकू येत नव्हते, पण खिळे ठोकायचा सीन आला तेव्हा माझी आजी चादरीकडं पाठ करून बसली, तिला पाहवलं नाही, आणि गावातल्या ज्या बाया कधी चर्चमध्ये आल्या नाहीत त्या तिच्याजवळ येऊन बसल्या. मेल गिब्सनचा २००४ चा पॅशन मी मोठेपणी पाहिला, पाळकसाहेबांनीच सीडी दिली होती. फटक्यांचा तो भाग इतका लांब आहे की शेवटी शेवटी मला प्रभूची दया येण्याऐवजी मन बधिर झालं. मार्कनं वधस्तंभाला खिळल्याचं एका वाक्यात लिहिलंय, रक्ताचं वर्णन नाही. ज्यानं लिहिलं त्याला दुःख कमी होतं म्हणून नव्हे.

येत्या रविवारी उपासनेनंतर झुंड लावतोय. तोही मंजुळेंचाच, २०२२ चा, बोली आपल्या नागपूरची. ज्यांच्यावरून तो घेतला ते विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते, आणि हिस्लॉप म्हणजे १८८३ मध्ये स्कॉटिश मिशननं सुरू केलेलं कॉलेज. झोपडपट्टी आणि कॉलेज यांच्यामधल्या भिंतीवर सिनेमा आहे, म्हणून पोरांना इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचून यायला सांगितलंय, त्यातही एक भिंत आहे. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा आहे तेव्हा ओसरीत पाचला सुरू करू, शिव्या आहेत, लहान लेकरांना आणू नका. आबाजींचा निरोप आलाय की त्यांना ऐकू कमी येते, खुर्ची टीव्हीच्या जवळ ठेवजा.