बर्डीचा किल्ला आणि जुन्या दुकानातला जनरल नील

नागपूरला सीताबर्डी किल्ला बघायचा तर तारीख सांभाळून जावं लागतं, एरवी तो लष्कराच्या ताब्यात असतो, मी २६ जानेवारीला गेलो. आत १८५७ मध्ये फाशी दिलेल्या नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांची कबर आहे, तिथे बराच वेळ उभा होतो.

दुसऱ्या दिवशी जुन्या फर्निचरच्या एका दुकानात शिरलो तर कपाटामागे एक फ्रेम दिसली. भरगच्च मिश्या, खांद्यावर झालरी, कडेने कागद कसरीने खाल्लेला आणि खाली बारीक अक्षरात ब्रिगेडियर जनरल नील. दुकानदारकाका म्हणाले, "घ्या ना भाऊ, हॉटेलवाले नेतात असे फोटो, विंटेज लूक येते म्हणे."

अंगावर काटाच आला. हा जेम्स नील म्हणजे मद्रास फ्युजिलिअर्स या कंपनी सरकारच्या पलटणीचा इंग्रज अधिकारी. १८५७ च्या जूनमध्ये बनारसहून अलाहाबादला गेला आणि त्या सगळ्या पट्ट्यात गावं जाळली, माणसं झाडांना लटकवली, चौकशी वगैरे नावालाच. कानपूरला बिबीघरात इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली होती, ते भयंकरच होतं, पण नीलने पकडून आणलेल्यांना फासावर चढवण्याआधी तिथलं वाळलेलं रक्त साफ करायला लावलं, काहींना तर फटके मारून जिभेने चाटायला लावलं, आणि हे त्याने स्वतःच पत्रात अभिमानाने लिहिलंय! २५ सप्टेंबरला लखनौत गोळी लागून मेला.

मग मद्रासला त्याचा पुतळा उभारला. १९२७ मध्ये तो हटवायला लोकांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, तेव्हा कुठे १९३७ मध्ये पुतळा रस्त्यावरून म्युझियममध्ये गेला. अंदमानातल्या नील बेटाचं नाव मात्र २०१८ पर्यंत तसंच होतं.

काकांना हे सगळं सांगितलं तर ते गप्पच झाले, मग म्हणाले, "बाप रे, आमाले तं कोनी सांगतलंच नाही." मला वाटतं असं चित्र फाडू नये, पण त्याने काय केलं ते खाली लिहिल्याशिवाय भिंतीवर लावूही नये, जेवणाच्या टेबलावर तर अजिबातच नाही. काकांनी कागद-पेन दिलं, मी चार ओळी मराठीत लिहून फ्रेमच्या मागे चिकटवल्या, विकत घेणाऱ्याला आधी त्या वाचायला द्या असं सांगून आलो.

किल्ला बघायचा असेल तर २६ जानेवारी, १ मे किंवा १५ ऑगस्टला जा, सीताबर्डी मेट्रो स्टेशन जवळच आहे, आणि कादर अलींच्या कबरीपाशी नक्की थांबा.