दाढीवाली लिबर्टी आणि अडलेलं लेबल

१८०७ चा चांदीचा अमेरिकी अर्धा डॉलर मला न्यू जर्सीतल्या एका नाणे-प्रदर्शनात मिळाला. त्या काळी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत डायवर, म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणाऱ्या पोलादी साच्यावर, तारे, अक्षरं, आकडे एकेक पंच हाताने ठोकून उमटवायचे. त्यामुळे एकाच सालच्या दोन डाय तंतोतंत जुळत नाहीत, आणि आम्ही वेडे नेमके तेच फरक जमवतो. त्याच सालच्या काही नाण्यांवर ५० मधल्या ५ खाली आधी चुकून ठोकलेला २ डोकावतो. माझ्या नाण्यात डायला गेलेला तडा लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या, हनुवटीवर उमटलाय, अगदी दाढीच! ओव्हर्टनने अर्ध्या डॉलरच्या डायमधले फरक क्रमांक देऊन नोंदवले, त्या यादीत ही ओ-१११.

ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून, दर्जा ठरवून लेबलसह डबीत सीलबंद करणाऱ्या कंपनीकडे पाठवलं आणि तिथेच घोडं अडलं. हा डायचा प्रकार लेबलवर नोंदवून घ्यायचा तर फॉर्मवर वेगळा रकाना, वेगळी फी. रकाना भरला, फी भरली, हनुवटीचा मोठा फोटो जोडला. मग महिनोन्‌महिने वेबसाइटवर एकच शब्द: ‘तपासणी’. अखेर डबी आली. लेबलवर फक्त साल आणि दर्शनी किंमत! फोन केला तर पहिली बाई म्हणाली, हा प्रकार आम्ही नोंदवतच नाही. मग फी कसली घेतलीत? दुसऱ्याने सांगितलं, फोटो फाइलला लागलेच नाहीत. तिसऱ्याने फक्त म्हटलं, परत पाठवा. सीलबंद डबी पुन्हा विमा काढून टपालात टाकताना माझा जळफळाट झाला. भिंग घेऊन अर्धा मिनिट हनुवटी बघायला कुणाला सवड नव्हती?

एक राहिलंच. पाठवण्याआधी काठाचे फोटो काढा. या नाण्यांच्या काठावर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ कोरलेलं असतं, डबीत गेल्यावर ते धड वाचता येत नाही. वजनही करून ठेवा, पूर्ण वजन साधारण १३.४८ ग्रॅम, झिजलेलं थोडं हलकं भरतं. आणि काळं पडलंय म्हणून चिंच-लिंबू लावून घासू नका, हात जोडून सांगते.

दुसऱ्या फेरीत लेबल बरोबर आलं. क्रमांक वाचून मी घरभर नाचले. फीची पावती मात्र फेकू नका. ती दाखवली म्हणूनच दुसऱ्या वेळी त्यांनी पैसे घेतले नाहीत.