उपवासकाळातील साखर

राखेचा बुधवार, रात्र

आज, ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून घेतली आणि ईस्टरपर्यंत गोड पदार्थ न खाण्याचे ठरविले. हा निश्चय माझ्या एकटीचा नाही. जगातील दारिद्र्याविषयी जागृती व्हावी म्हणून आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) युवक मंडळाने हा उपक्रम सुचविला असून, मिठाई, केक, आइस्क्रीम, चॉकलेट यांवर जो पैसा खर्च झाला असता तो चर्चमधील दानपेटीत टाकायचा आहे. घरी पहिला वाद झाला तो सुकेळ्यांवरून. राजेळी केळी सोलून उन्हात वाळविलेल्या आमच्या वसईच्या सुकेळ्यांत वरून घातलेला साखरेचा कणही नसतो, तेव्हा ती गोडात धरायची की फळात, असा धाकट्याचा प्रश्न होता. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत रविवार मोजले जात नाहीत, हेही त्याला नेमके ठाऊक होते. सुकेळी फळात धरली. रविवारची सूट मात्र दिली नाही.

मनात घोळत राहिले ते मिस्सेतील, म्हणजे चर्चमधील उपासनाविधीतील, वाचन. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की उपास करताना चेहरा म्लान ठेवू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, तुमचा उपास माणसांना दिसू नये. आमच्या उपक्रमाचा हेतू तर नेमका उलटा आहे, कारण कोणाला कळलेच नाही तर जागृती कशी व्हायची? धर्मगुरूंनी प्रवचनात या पेचाला हात घातला नाही.

दुसऱ्या आठवड्यातील मंगळवार

कार्यालयात एका सहकाऱ्याच्या बढतीचे पेढे आले. मी नको म्हणताच शेजारच्या टेबलावरून काळजीचा प्रश्न आला, "काय हो, शुगर निघाली का?" दुसऱ्या बाईंनी वजनाचा अंदाज केला आणि कोणते डाएट चालू आहे ते विचारले. आपल्याकडे धडधाकट माणूस गोड नाकारतो तेव्हा त्यामागे रोग किंवा आरसा एवढी दोनच कारणे संभवतात, जगातील गरिबी हे तिसरे कारण कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. मी खरे कारण सांगितले आणि लगेच वातावरण अवघडले. पेढा तोंडात धरलेल्या माणसासमोर उपाशी लोकांचा विषय काढणे म्हणजे त्याच्या आनंदावर पाणी ओतणेच होते.

युवक मंडळाच्या फलकावर जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. 2025 मध्ये ती दिवसाला 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर नेण्यात आली आणि जगातील सुमारे 80 कोटी माणसे तिच्या खाली आहेत. हे 3 डॉलर म्हणजे अमेरिकेत तेवढ्या पैशांत जे मिळते ते. बाजारभावाने रुपये करून पाहिले तर जो आकडा येतो, त्याहून भारतात ती रक्कम बरीच कमी भरते, हे फलकावर कोठेच नाही. पण हे स्पष्टीकरण दिले तरी पेढ्याचा आणि त्या 80 कोटींचा संबंध काय, हा प्रश्न उरतोच. मी पेढा खाल्ला नाही म्हणून कोणाच्या ताटात भाकरी पडत नाही.

संबंध शोधायचा तर साखरेतच शोधावा, असे मला वाटते. आत्ता, उपवासकाळ चालू असतानाच, आपल्या राज्यात गाळपाचा हंगाम आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील फडांत ऊस तोडत आहेत. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल त्या श्रमातून फिटायची असते, आणि आजारपणात एक दिवस जरी चुकला तरी खाडा, म्हणजे दंड, लागतो. 2019 मध्ये शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडमधील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती. यामागे एकच कारण नसेल, पण पाळीत काम बुडून खाडा लागण्याची धास्ती त्यात आहे, असे त्या स्त्रियांनीच सांगितले आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याच्या 58 व्या अध्यायाचे वाचन असते. तुम्ही उपासाच्या दिवशीही आपल्या मजुरांना राबवून घेता, ही त्यातील तक्रार यंदा ऐकताना मला फड आठवला.

साखर सोडण्यालाही इतिहास आहे, हे आज वाचताना पुन्हा ताजे झाले. 1791 मध्ये विल्यम फॉक्स याने लंडनमध्ये एक पत्रक काढले. वेस्ट इंडीजमधील साखर गुलामांच्या श्रमातून येते, ती खाऊ नका, असे आवाहन त्यात होते. आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती वर्ज्य केली तर एक माणूस गुलामीतून आणि मरणातून वाचेल, असा हिशेबच त्याने मांडला होता. सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडल्याचा अंदाज गुलामगिरीविरोधी चळवळीतील थॉमस क्लार्कसनने नोंदविला आहे. ब्रिटनचा गुलामांचा व्यापार 1807 मध्ये आणि त्याच्या वसाहतींतील गुलामगिरी 1833 च्या कायद्याने बंद झाली. ती केवळ साखर सोडल्यामुळे नव्हे, पण त्या लोकांना साखर का सोडली असे विचारले तर एका वाक्यात उत्तर देता येत होते आणि त्या उत्तरात एक मागणी होती. आमच्या उपक्रमात मागणी नाही. उद्या सर्वांनी साखर टाकली तर कोयत्याचे काम जाईल, मजुरीचा दर वाढणार नाही. तेव्हा हा बहिष्कार नव्हे, हे आम्ही स्वतःशी तरी स्पष्ट ठेवले पाहिजे.

चॉकलेटचे दुखणेही याच जातीचे. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवितात. तेथील बालमजुरीचे अत्यंत वाईट प्रकार 2005 पर्यंत थांबविण्याचे वचन चॉकलेट उद्योगाने 2001 मध्ये दिले होते. शिकागो विद्यापीठाच्या संस्थेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र त्या दोन देशांत कोकोच्या कामात सुमारे 15 लाख 60 हजार मुले आढळली.

मत्तयच्या वाचनाचा पेच मला आता तितकासा अडवीत नाही. माझा उपास झाकलेलाच बरा. पेढा आला तर "आज नको" एवढेच म्हणावे. उघड बोलायचे ते उचलीविषयी, खाड्याविषयी, कोकोच्या मुलांविषयी, आणि ते पेढ्यांचा पुडा फिरत नसेल अशा वेळी.

रविवार

मिस्सेनंतर युवक मंडळाची सभा झाली. फलकावरील "मी गोड सोडले" हे वाक्य काढून तेथे कोयता, उचल आणि खाडा यांची चार ओळींत माहिती लिहावी, असे मी सुचविले. एका तरुणाने आक्षेप घेतला की विषय जागतिक दारिद्र्याचा असताना बीड कशाला, लोकांना आफ्रिका अपेक्षित असते. आक्षेप प्रामाणिक होता. दारिद्र्य दूरचे असले की दान देणे सोपे जाते, हे त्यालाही बहुधा जाणवले असावे, कारण पुढे त्यानेच दोन्ही माहिती शेजारीशेजारी लावू म्हटले. दानपेटीतील रकमेचा काही भाग ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावी चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाला द्यावा की नाही, याचा निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. तोवर अशा एखाद्या वसतिगृहाला धान्य हवे, अंथरुणे हवीत की शिक्षकाचे मानधन, याची चौकशी माझ्याकडे आली आहे.