समासातली पेन्सिल

शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषय कळवला: 'बदलत्या जगात बालसाहित्याचे मूल्य'. वाचून घामच फुटला. हा निबंध आपण सातवीत लिहिलाय आणि त्यात दहापैकी चार गुण मिळालेत, असं उगाचच वाटलं. तेव्हा निबंध टाळतो आणि पेटीबद्दल सांगतो.

आमच्या वेळी, म्हणजे १९८६ च्या आसपास, शाळेच्या ग्रंथालयाला खोली नव्हती. शिक्षकखोलीबाहेरच्या बोळात दोन लोखंडी कपाटं होती. दर मंगळवारी शेवटच्या तासाला त्यांतली पुस्तकं पत्र्याच्या पेटीत भरून वर्गात यायची. पेटी उचलायला दोघं लागत, आणि उचलणाऱ्याला पहिली निवड असा अलिखित नियम होता. त्यावरून मारामाऱ्या होत. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर आणि त्यावर शाईने फक्त दाखल क्रमांक, नाव नाहीच. त्यामुळे आम्ही पुस्तकं नंबरानेच ओळखायचो. 'चारशे बारा कुणाकडे आहे रे?' म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे आम्हाला वर्षभर चारशे बाराच होता.

चारशे बाराचं खरं वैभव समासात होतं. आमच्या आधीच्या कितीतरी तुकड्यांनी तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात: 'पुढचं पान रात्री वाचू नये.' त्याखाली दुसऱ्या, तिरक्या अक्षरात: 'मी वाचलं. काही होत नाही.' आणि त्याखाली तिसऱ्याच कुणाचं तरी, ठसठशीत: 'खोटं.'

ही तीन मुलं एकमेकांना कधी भेटली असतील असं मला वाटत नाही. अक्षरांवरून, आणि पहिल्याची पेन्सिल किती पुसट झाली होती त्यावरून, मध्ये काही वर्षं तरी गेली असणार. मी ते पान दिवसाच वाचलं.

बोधकथांच्या पुस्तकात तर प्रत्येक तात्पर्याला जोडतात्पर्य होतं. द्राक्षं आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याच्या गोष्टीखाली छापील ओळ होतीच. तिच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'तात्पर्य: कोल्ह्याला शिडी द्यावी.' माझ्या मते छापील तात्पर्यापेक्षा हे सरस आहे. 'श्यामची आई'च्या शेवटच्या दोन-तीन रात्री उरल्या की समासात सूचना यायची: 'इथून पुढे वर्गात वाचू नये.' मी ऐकलं नाही. नाकाला रुमाल लावून 'सर्दी झालीय' म्हणालो. शेजारच्याने वर न बघता विचारलं, "कितव्या रात्रीवर आहेस?"

पेटीच्या बाई पुस्तक परत घेताना पानं चाळायच्या. त्यांना हे सगळं दिसत असणारच. पण नोंदवहीत सही घ्यायच्या आणि पुस्तक पेटीत ठेवायच्या, बस. खोडरबर त्यांच्या हाती कधी दिसला नाही. पुढे एका वर्षी कुठून तरी फर्मान आलं की प्रत्येक पुस्तक वाचल्यावर वहीत नाव, लेखक आणि 'मिळालेला बोध' लिहायचा. महिन्याभरात पेटीतली जाड पुस्तकं तळाला गेली आणि सगळ्यात पातळ पुस्तकासाठी रांग लागली. मी सरसकट 'नेहमी खरे बोलावे' लिहायचो. आकाशातल्या ताऱ्यांवरच्या पुस्तकालाही तेच लावलं. बाईंनी न वाचता लाल टिक केली. आज वाटतं, वाचून केली असावी.

आता बदललेल्या जगाकडे येतो. माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला मी फास्टर फेणे वाचून दाखवत होतो. फेणे एका संकटात चांगला अडकला होता, आणि हिने विचारलं, "मग तो घरी फोन का नाही करत?"

मी हसलो, पण ते डोक्यातून जाईना. तिचं बरोबर होतं. खिशात फोन असता तर फेणेच्या निम्म्या गोष्टी दुसऱ्या पानावरच संपल्या असत्या. बालसाहित्यातलं साहस मोठ्यांना पत्ता न लागण्यावरच उभं असतं. मूल बोळात वळतं, बोगद्यात शिरतं, चुकीच्या गाडीत बसतं, आणि पुढची शंभर पानं कुणी मोठं माणूस येऊन निस्तरत नाही. आम्हाला हे थोडंफार खऱ्या आयुष्यातही मिळायचं. भाचीला मिळत नाही. ती कुठे आहे ते तिच्या आईला फोनवरच्या ठिपक्यावरून कळतं, वर्गात काय झालं ते ती घरी पोचायच्या आधी पालकांच्या ग्रुपवर आलेलं असतं. यात आईची चूक नाही. मीही तेच केलं असतं. पण पुस्तक वाचताना ती सोफ्यावर समोर असते आणि तरी सापडत नाही. दोनदा हाक मारली तरी 'हं' येत नाही. तेव्हा ती कुठे आहे ते कुठल्याच ठिपक्यावर दिसत नसतं.

बालसाहित्याने शब्दसंग्रह वाढतो, संस्कार होतात, एकाग्रता येते, हे सगळं खरं असेल. पण ते ऐकताना मला गुळात लपवलेल्या गोळीची आठवण येते, आणि पोरांच्या जिभेला ती गोळी कळते बरोबर.

मोठ्यांनी मुलांना नुसती पुस्तकं द्यावीत आणि बाजूला व्हावं, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात धाडसी उदाहरण येला लेपमन या बाईंचं. जर्मनीतल्या ज्यू पत्रकार. हिटलरच्या राजवटीत देश सोडून लंडनला गेल्या आणि युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या सल्लागार म्हणून परत आल्या. शहरं ढिगारा झालेली, खायची मारामार. अशा वेळी त्यांनी वीस देशांना पत्रं लिहिली की आमच्या मुलांसाठी तुमच्या मुलांची पुस्तकं पाठवा. त्यांत कालपर्यंतचे शत्रू देशही! बेल्जियमने आधी नकार दिला. जर्मनीने त्यांच्यावर दोनदा आक्रमण केलं होतं. बाईंनी पुन्हा लिहिलं आणि पुस्तकं आली. १९४६ मध्ये म्युनिकला प्रदर्शन भरलं. लढायचं सोडून फुलांचा वास घेत बसणाऱ्या एका बैलाच्या गोष्टीचा त्यांनी स्वतः अनुवाद केला आणि साध्या वर्तमानपत्री कागदावर तिच्या तीस हजार प्रती छापून मुलांना वाटल्या. त्यांना शांततेवर भाषण ठोकता आलं असतं. त्यांनी बैल दिला. २ एप्रिलला जगभर बालपुस्तक दिन पाळतात तो त्यांनीच उभ्या केलेल्या संस्थेमुळे.

आपल्याकडेही सगळं संपलंय असा गळा काढायचं कारण नाही. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. भाचीने त्यातले काही टॅबवर वाचलेही. तक्रार काही नाही तिची. फक्त त्या पानांना समास असून तिथे लिहिता येत नाही, ही माझी तक्रार.

गेल्या महिन्यात महोत्सवाच्या बैठकीसाठी शाळेत आलो होतो. आता ग्रंथालयाला खोली आहे, पंखा आहे. चारशे बारा मागितलं. मिळालं! पण मध्ये कधीतरी त्याचं बाइंडिंग झालंय, आणि बाइंडरने कडा सारख्या करताना समास कापलेत. ते पान उघडलं. रात्री न वाचण्याचा सल्ला गेलाय, तिरकं अक्षर अर्धं गेलंय. खाली कापलेल्या कडेला फक्त 'खो' उरलाय.

महोत्सवी निधीतून नवी पुस्तकं घ्यायची ठरतंय, उत्तम आहे. निवड करायला चार मुलांना सोबत न्यावं एवढंच सुचवतो. आणि जीर्ण म्हणून बाद करायच्या यादीत चारशे बाराचा नंबर आहे, असं मला तिथेच कळलं. रद्दीत जायच्या आधी कृपया मला फोन करावा. बदल्यात नवी कोरी प्रत आणून देतो.